रकाना नसलेला पक्षी

वादळ म्हणे सुरतेच्या अलीकडेच विरलं.
आमच्यापर्यंत पोचली ती त्याची ओली उष्टावळ,
डिसेंबरात दोन दिवस झिमझिम,
आणि नंदुरबारच्या पथारींवर
एकरभर वाळत घातलेली मिरची
ताडपत्र्यांखाली घुसमटत, आंबत पडलेली.

तिसऱ्या सकाळी ताडपत्री उचलली
तेव्हा झेलाबाईला तो दिसला,
लाल ढिगात, पंख अर्धे उघडे,
पाठ काळी, तव्याच्या बुडासारखी,
पोट पांढरं असावं; तेव्हा तांबडं होतं.
"कथाईन उनं हाई पाखरू?"
कावळा नाही. बगळा नाही. टिटवी तर नाहीच.
देठं खुडणारे हात थांबले.
मुकादमाने मला फोन लावला.

मी वनरक्षक, चौदा वर्षांची नोकरी.
विहिरीतून बिबट्या काढलाय,
उसातली त्याची पिल्लं राखलीत
रात्रभर, आई येऊन नेईपर्यंत.
साप मोजायचं सोडून दिलं.
पण आमच्या रजिस्टरात समुद्राचा रकाना नाही.
समुद्राशी आमची ओळख
बाजारातल्या सुक्या बोंबलापुरती.

फोटो फिरत फिरत डहाणूला गेला,
माच्छी मॅडमकडे. त्या कासवांना सलाइन लावतात,
जाळ्याचे फास मानेत रुतलेले असतात
ते नखुरड्याएवढ्या कात्रीने सोडवतात.
म्हणाल्या, हा काळ्या पाठीचा सुरय,
खोल समुद्रावरचा.
वर्षानुवर्षं जमिनीला पाय लावत नाही.
पाण्यावरही बसत नाही, पिसं भिजतात.
झोपतो तोही बहुतेक उडता उडता.
मी विचारलं, मग हा आमच्या मिरचीत काय करतोय?
पलीकडे लाटांचा नाहीतर पंख्याचा आवाज.
मग म्हणाल्या, "थकलाय हो."

कोमट पाण्याने धुवा. चोचीत पाणी ओतू नका.
मासा द्या, डोक्याकडून.
अंधार द्या. नाव ठेवू नका.

धुताना मिरची त्याची सुटली, मला लागली.
डोळे, नाक, शर्टाची बाही, सगळं पेटलं.
त्याने अंगठ्याला दोन वेळा चावा घेतला
आणि मॅडमना बरं वाटलं:
चावतोय म्हणजे जगायचंय त्याला.

विरचक धरणातले बोटभर मासे
पहिल्यांदा थुंकले, दुसऱ्यांदाही.
रात्री दीडला एक गिळला.
केळीच्या खोक्यात, फायलींच्या कपाटाशेजारी,
तो उभा राहिला, पहिल्यांदाच,
जमीन म्हणजे काय ते पायांनी चाचपत.

सकाळी झेलाबाई कामावर जाताना आली.
चोचीच्या मुळाशी एक थेंब लोंबत होता,
खाली पेपरावर सुकून पांढरा ठिपका.
रडस का? तिने विचारलं.
मी मॅडमचं ऐकलेलं सांगितलं, की हे पाखरू
खारं पाणी पितं आणि मीठ नाकातून टाकतं.
तिने ठिपक्यावर बोट टेकवलं, जिभेला लावलं.
आयुष्यभर तिखटात बसलेली बाई,
किती वेळ तोंड मिटून उभी.
"खारं शे," एवढंच म्हणाली.

सुरतेची गाडी साडेदहाची.
साहेबांनी पत्रावर सही केली, मग विचारलं,
हा खर्च कुठल्या शीर्षाखाली?
खोकं मांडीवर. नवापूरला एका पोराने विचारलं,
कोंबडं का?
मी हो म्हटलं. खोटं बोललो,
कारण खरं सांगायला नवापूर ते उकाई पुरलं नसतं.
फलाटावर मॅडमचा मुलगा उभा होता,
पायात स्लिपर, पायांना वाळू.
खोकं त्याने असं घेतलं
जसं झोपलेलं मूल दुसऱ्याकडून घेतात.

चौथ्या दिवशी व्हिडिओ आला.
सतरा सेकंद. एक बांध, दोन हात,
मग नुसतं आकाश आणि कुणाचं तरी "गेला, गेला".
मी पाच वेळा पाहिला. पक्षी मला एकदाही सापडला नाही.
रजिस्टरात लिहिलं, "इतर: एक."

पथारीवर जाऊन झेलाबाईला दाखवला.
म्हटलं, हा बघ, इथे, कोपऱ्यात, काळा ठिपका.
तिने पदराला हात पुसले, फोन जवळ घेतला,
मिरचीचं बोट काचेवर उमटलं.
"पाखरू राहू दे," म्हणाली,
"ती लाट परत दखाड."